आजी, हे स्टिकर कुठून आणलेस?

*मी इंदापूर तालुक्यातली. दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले. विद्यार्थिनी असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, त्यानंतर चाळीस वर्षं ब्रश हातात धरला नाही. आता जलरंग सुरू केलेत. उजनीचं पाणी आमच्या शेताजवळ येतं, त्यामुळे पक्ष्यांना तोटा नाही. तीन चित्रांचे फोटो पाठवते. पक्षी एकटा काढला तर बरा जमतो, देखावाही बरा येतो, पण दोन्ही एका कागदावर आले की काहीतरी बिघडतं. रोहित पक्ष्यांचं (फ्लेमिंगोंचं) चित्र बघून आठ वर्षांच्या नातवाने विचारलं, "आजी, हे स्टिकर कुठून आणलेस?" भाच्याने मोबाइलवर मागचा देखावा पुसून दाखवला आणि म्हणाला, "मावशी, नुसते पक्षी काढ, बॅकग्राउंडच्या नादी लागू नकोस." त्याचं ऐकू का? फोटोवरून काढणं चूक आहे का? आणि रोहितच्या गुलाबीसाठी कोणता रंग घेऊ? तिसरं टिटवीचं चित्र उगाच पाठवलंय. त्यात पक्षी नीट दिसतही नाही.*

*– एक वाचक, इंदापूर (पत्र संक्षिप्त करून)*

ताई,

नातवाला माझ्याकडून एक पेढा द्या. तिन्ही चित्रांचे प्रिंट काढून मी दोन दिवस भिंतीला लावून ठेवले होते. मला जे सापडायला दोन दिवस लागले, ते त्याने एका शब्दात सांगितलं. स्टिकर कुठल्याही वहीवर चालतो, हीच त्याची खूण. तुमचे सात रोहित उचलून मी कच्छच्या रणात ठेवले किंवा लग्नपत्रिकेवर छापले, तरी त्यांचं काही अडणार नाही. आणि ते उचलून नेले तर तुमच्या उजनीचंही काही अडत नाही.

असं का झालं, ते तुमच्याच पत्रात आहे. पक्षी इंटरनेटवरच्या फोटोवरून घेतले आणि देखावा स्वतःच्या मोबाइलमधल्या फोटोवरून. तुम्ही तो मूळ फोटोही जोडलात, बरं केलंत. काठावरच्या उंचवट्यावर उभं राहून तो काढलाय. पाणी खाली पसरलेलं, पलीकडचा काठ फोटोत पार वर, त्यावर उसाची हिरवी पट्टी. रोहितचा फोटो ज्याने काढला तो मात्र होडीत बसलेला होता, हे पक्ष्यांच्या अंगावरूनच कळतं: पोटाची खालची बाजू दिसते, पाय पाण्याला सरळ रेषेत टेकतात. म्हणजे तुमच्या एका कागदावर दोन माणसं बघतायत. एक काठावर उभं, एक पाण्यालगत बसलेलं.

इंटरमिजिएटचं वस्तुचित्र आठवा. बादली, तांब्या, मागे पडदा. सर सांगायचे की डोळ्याची पातळी बघा, बादलीचं तोंड किती उघडं दिसतंय ते बघा. खाली बसलात तर तोंड चपटं, उभं राहिलात तर गोल. तीच गोष्ट इथे आहे, फक्त बादलीच्या जागी रोहितच्या पायाभोवतीचं पाण्याचं वलय आहे. तुमचं पाणी उंचावरून पाहिलेलं, त्यामुळे वलयं जरा उघडी दिसायला हवीत. तुम्ही ती फोटोत होती तशी चपटी ठेवलीत. डोळ्याला लगेच खटकतं, का ते सांगता येत नाही एवढंच.

याचा एक हिशेब आहे. तो एकदा कळला की आयुष्यभर पुरतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. सपाट जमिनीवर किंवा पाण्यावर तुमचे डोळे जितक्या उंचीवर असतात, तितक्याच उंचीवर क्षितिजरेषा समोरच्या प्रत्येक उभ्या गोष्टीला कापते. ती गोष्ट दहा फुटांवर असो की पाचशे फुटांवर. होडीत बसलात तर डोळे पाण्यापासून साधारण तीन फुटांवर. मोठा रोहित मान उंच करून उभा राहिला तर चार-साडेचार फूट भरतो, त्यातला थोडा भाग पाण्यात. म्हणजे होडीतून बघताना क्षितिजरेषा त्याच्या मानेच्या मधून कुठून तरी जाणार. जवळच्या रोहितच्या मानेतून आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या रोहितच्याही मानेतून. लांबचे रोहित छोटे होतात, त्यांचे पाय वर सरकतात, डोकी किंचित खाली येतात, पण रेषा मान सोडत नाही. थवा एका पाण्यात उभा आहे असं वाटतं ते यामुळे.

आता तुमचं चित्र. काठावर उभ्या असताना डोळे पाण्यापासून वीसेक फूट उंच होते असं धरू. म्हणजे कुठल्याही पक्ष्याच्या पायापासून क्षितिजापर्यंतचं कागदावरचं अंतर हे त्या ठिकाणी वीस फूट झालं. चार फुटी रोहितने त्याचा पाचवा हिस्सा व्यापायला हवा. मी पट्टी लावून मोजलं. तुमच्या पुढच्या रोहितने निम्मं अंतर व्यापलंय. म्हणजे तो दहा फूट उंच आहे, ताई. हत्तीला खांदा लावेल असा रोहित उजनीत अजून उतरलेला नाही.

उपाय दोन. एकतर उंच काठावरून बघितलेलं चित्र काढा. मग पक्षी लहान, संपूर्णपणे पाण्याच्या पार्श्वभूमीवर, एकाचंही डोकं आकाशाला न लागलेलं, आणि मोठी भूमिका पाण्याची. नाहीतर होडीतून बघितलेलं काढा. मग पाणी म्हणजे एक अरुंद पट्टा, आणि पक्ष्यांच्या माना पलीकडच्या काठावर, उसावर, आकाशावर. दोन्ही चांगली चित्रं होतात. दोन्हींची भेसळ होत नाही.

अंतराचीही अशीच गडबड आहे. लांब लेन्सने काढलेल्या फोटोत पक्ष्याचं पीस न् पीस दिसतं आणि मागचं सगळं धूसर होऊन जातं. तुम्ही पिसं मोजून काढलीत आणि मागे मात्र मोबाइलमधला लख्ख देखावा ठेवलात, उसाच्या पानांसकट. सत्तर-ऐंशी फुटांवरच्या पक्ष्याची पिसं साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. दिसतो तो पंखाचा एक गट, मांडीचा एक गट, पाठीवरून सरकणारा उजेड. पिसं काढायचीच असतील तर चित्रात तुम्ही पक्ष्याच्या जवळ आहात असं ठरवा आणि उसाची पानं सोडून द्या. चित्रात उभं राहायला एकच जागा असते.

आता उजेड. तुमच्या देखाव्यात सूर्य डावीकडे आहे, सकाळचा, कारण काठावरच्या बाभळीची सावली लांबलचक उजवीकडे गेलीय. रोहितांच्या अंगावर ऊन थेट डोक्यावरून पडलंय. दुसऱ्याच्या फोटोतून पक्षी आणला की तो आपल्याबरोबर तिथलं ऊन घेऊन येतो, आणि ते ऊन इथल्या पाण्याशी बोलत नाही.

शिवाय एक भीती तुमच्या हातात दिसते, जी माझ्या हातातही बरीच वर्षं होती: पांढरा पक्षी काळवंडेल ही भीती. रोहित पंख मिटून उभा असतो तेव्हा तो आपल्या मनातल्यासारखा गुलाबी नसतोच. बराचसा पांढरट, कुठेकुठे गुलाबीची झाक. खरा तांबडा आणि काळा रंग पंख उघडल्यावर दिसतो. सकाळी सातला सूर्य त्याच्या पलीकडे असेल तर आपल्याकडची बाजू चक्क सावलीत असते, राखट जांभळी, आकाशापेक्षा गडद. फक्त पाठीची आणि मानेची कड पेटलेली. पोटाखाली पाण्यावरून उलटा आलेला उजेड, चिखल असेल तर जरा उष्ण रंगाचा. बगळा आकाशाच्या तुलनेत गडद रंगवायचं धाडस ज्या दिवशी कराल, त्या दिवशी तो पहिल्यांदा पांढरा दिसेल.

करून बघा: कागदावर हलकं रेखाटन झालं की सबंध कागदावर, पक्ष्यांसकट, यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळ्यात) कणभर गुलाबी मिसळून अगदी पातळ हात द्या. ज्या कडा पेटलेल्या हव्यात तेवढ्याच कोऱ्या सोडा. मग देखाव्यासाठी जे रंग घेतले तेच पक्ष्याला वापरा. उजनीच्या चित्रासाठी मी अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर आणि एक गुलाबी एवढ्यावर भागवते. पक्ष्याच्या सावलीतला जांभळा आणि पाण्यातला जांभळा एकाच ताटलीतला असला की निम्मं भांडण मिटतं. उरलेलं भांडण कडांचं. तुमच्या सातही पक्ष्यांभोवती पेन्सिलीची अखंड रेघ आहे आणि तिच्या आत रंग भरलाय, रांगोळी भरतो तसा. रांगोळीत ते शोभतं. इथे सावलीकडची कड पाण्यात विरघळू द्या. पोट कुठे संपलं आणि प्रतिबिंब कुठे सुरू झालं हे एखाद्या ठिकाणी कळलंच नाही, तर बिघडत नाही, उलट बरंच.

प्रतिबिंब म्हणजे पक्ष्याचा उलटा छापाही नव्हे. पाण्यातून आपल्याला त्याची खालची बाजू दिसते, पाठ नाही. पांढऱ्याचं प्रतिबिंब मुळापेक्षा थोडं गडद येतं, गडदाचं थोडं फिकं.

आणि ते सात जण मान वर करून, सारख्या अंतरावर उभे आहेत. ग्रुप फोटो काढतोय की काय! रोहितांचा थवा दिवसाचा बराच वेळ जेवत असतो: पायांनी चिखल तुडवायचा, डोकं उलटं करून चोच पाण्यात बुडवायची आणि गाळून खायचं. म्हणजे सातांतले चार-पाच तरी खाली मान घातलेले हवेत, दोन एकमेकांमागे झाकलेले, एखादा उगाच वचावचा भांडणारा. उजवीकडच्या रोहितचा वाकलेला पायही तपासा. मधोमध जो सांधा दिसतो तो गुडघा नव्हे, तो घोटा. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. म्हणून पाय मागे वाकल्यासारखा दिसतो. तुम्ही तो माणसासारखा पुढे वाकवलाय. लाजू नका. मी एका मुलांच्या दिनदर्शिकेसाठी उडता बगळा काढला होता, मान सरळ पुढे ताणलेली, फार डौलदार. छापून झाल्यावर एका शाळकरी मुलाचं पत्र आलं: बाई, बगळा उडताना मान दुमडून घेतो, ताणतात ते करकोचे. बारा हजार प्रती घरोघरी लागलेल्या. वर्षभर एका नातेवाइकाच्या स्वयंपाकघरात तो बगळा माझ्याकडे बघायचा.

आता टिटवी. ते "उगाच पाठवलेलं" चित्र.

विहिरीच्या काठावर बसून अर्ध्या तासात काढलं असं तुम्ही लिहिलंय. नांगरलेलं रान, ढेकळं, दुपार कलती. टिटवीची पाठ मातीच्याच रंगाची, त्यामुळे ती मातीत गेलीय, दिसतंय फक्त काळं डोकं, गळा, डोळ्याजवळचा लाल ठिपका, पिवळे पाय आणि बाजूचा पांढरा पट्टा. तुम्हाला वाटतं पक्षी दिसत नाही. ताई, टिटवी अशीच दिसते! आधी ओरडणं ऐकू येतं, मग लाल ठिपका सापडतो, मग पाय, आणि मग पाठ असणार असं आपण समजून घेतो. तिन्हींतलं हे एकच चित्र आहे ज्यातून पक्षी उचलता येणार नाही. उचलला तर जमिनीला भोक पडेल. तुम्हाला ते जमलंय कारण त्या अर्ध्या तासात पक्षी, माती, ऊन आणि तुम्ही एकाच जागी होता. फोटो नव्हता. घाई होती, म्हणून कड कोरत बसायला वेळ मिळाला नाही.

पक्ष्यांची पाठ गडद आणि पोट फिकं का असतं, हे एका चित्रकाराने उलगडून सांगितलं. ॲबट थेअर नावाचा अमेरिकन. त्याने १८९६ मध्ये मांडलं की उजेड वरून पडतो, त्यामुळे पाठ उजळते आणि पोट सावलीत जातं. रंग नेमका उलटा असला की दोन्ही एकमेकांना मारतात, प्राणी सपाट दिसतो आणि जागेत मिसळतो. मुद्दा पक्का होता, आजही शिकवतात. पण पुढे गृहस्थांना सगळीकडे लपवाछपवीच दिसायला लागली. मोर झाडीत लपण्यासाठी निळा, आणि रोहित? तर म्हणे सूर्योदय-सूर्यास्ताच्या आकाशात मिसळण्यासाठी गुलाबी! माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः पक्षी जाणणारे. त्यांनी याची जाहीर खिल्ली उडवली. गुलाबी तर रोहितच्या खाण्यातून येतो, शेवाळातल्या आणि बारीक जलचरांतल्या रंगद्रव्यातून. म्हणून पिल्लं करडी-तपकिरी असतात आणि रंग चढायला काही वर्षं लागतात. थव्यात एखादं करडं पोर दाखवलंत तर जाणकार माणूस खूश होईल. पण थेअरची चूकही चित्रकाराची आहे, मला ती आवडते. निदान तो पक्ष्याकडे बघताना मागचं आकाश बघत होता.

भाच्याचं म्हणणं याच संदर्भात घेऊ. मागे कोरा कागद ठेवून पक्षी काढणं हा कमीपणा नाही, ती वेगळी कला आहे. अठराव्या शतकात कलकत्त्यात मेरी इम्पी या बाईंनी पाटण्याकडचे तीन चित्रकार ठेवले होते: शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास. त्यांचे पक्षी पांढऱ्या कागदावर एका फांदीवर बसलेले असतात आणि बघत राहावं असे असतात. पक्षी ओळखायच्या पुस्तकांतली चित्रंही अशीच, कारण तिथे काम ओळखण्याचं आहे. ऊन, सावली, धुकं मध्ये आलं तर अडचण. तुम्हाला ते करायचं असेल तर खुशाल करा. पण तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात उजनीचं पाणी तुम्ही चार वेळा लिहिलंय. ते तुम्हाला पुसायचं नाहीये.

आणि पक्षी-देखाव्याचा हा तंटा जुना आहे, मोठमोठ्यांनाही सुटलेला नाही. अमेरिकेतल्या पक्ष्यांची ४३५ मोठी चित्रं १८२७ ते १८३८ या काळात छापून काढणारा ऑड्युबॉन पक्षी मारायचा, तारा घालून फळीवर उभे करायचा आणि मग काढायचा. सगळे पक्षी मूळ आकारात काढायचे असा हट्ट, म्हणून रोहितसारख्या उंच पक्ष्याची मान कागदात मावावी म्हणून खाली वाकवावी लागली. मागची झाडं, देखावे बऱ्याचदा सहायकांनी रंगवलेले. त्यातला जोसेफ मेसन हा तर सुरुवातीला तेरा-चौदा वर्षांचा पोरगा, पण झाडं-पानं सुरेख काढायचा. ती चित्रं थोरच आहेत. तरी काहींत पक्षी पुढे आणि जग मागे पडद्यासारखं, असं मला वाटतं. त्याउलट स्वीडनचा ब्रुनो लिलियेफोर्स (१८६० ते १९३९) बघा. तो शिकारी होता, घरी कोल्हे, ससे, गरुड पाळायचा, मेलेले पक्षी नमुना म्हणून वापरायचा. साधनशुचितेत काही फार वर नव्हता. पण त्याची बदकं समुद्राच्या लाटेत अशी बसतात की लाट आणि बदक एकाच ब्रशने, एकाच दमात निघालंय. त्याचं नाव घालून इंटरनेटवर शोधा आणि मोबाइलवर नव्हे, मोठ्या पडद्यावर बघा. नातवाला बोलवा. त्याला विचारा, यात स्टिकर कुठे आहे.

दुसरं चित्र, पट्टकदंब हंसांचं. हंस छान, गवत छान. पण मागे गुलमोहर फुललाय. पट्टकदंब हिवाळ्यात येतात आणि उन्हाळा लागायच्या आत तिबेट-मंगोलियाकडच्या पठारांवर परततात. गुलमोहर पेटतो तो एप्रिल-मेमध्ये. त्यांची गाठ पडत नाही. लाल रंग हवा होता म्हणून झाड आणलंत, हे मी समजू शकते. फेब्रुवारीचा लाल हवा असेल तर पांगारा आहे, पळस आहे. आणि त्या दिवसांत हरभऱ्याच्या, गव्हाच्या रानात हे हंस उतरतात आणि शेतकरी वैतागतात, तेही चित्रात येऊ द्या. शेतकऱ्याच्या बाजूने काढलेलं पट्टकदंबाचं चित्र मी अजून पाहिलेलं नाही.

यावरूनच एक तक्रार. तुमच्या मूळ फोटोत विजेचे दोन खांब आहेत, मोटारीचे काळे पाइप पाण्यात गेलेत, एक होडी उलटी पडलीय. चित्रातून सगळं गायब. "नैसर्गिक" दिसावं म्हणून पुसलंत ना? पण उजनी स्वतःच माणसाने केलेली आहे. धरण १९८० चं. भीमेचं पाणी अडलं, गावं खाली गेली, पळसदेवचं जुनं देऊळ अजून पाणी उतरलं की बाहेर येतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून बघितलंय. रोहित येतात तेसुद्धा याच मांडणीमुळे: पाणी सुटत जातं, काठचा चिखल उघडा पडतो, उथळ पाणी तयार होतं, त्यात त्यांचं खाणं. तो ऊस, ते पाइप, तो खांब हेच या पक्ष्यांचं खरं रान आहे. खांबाच्या तारेवर कोतवाल बसतो, हिवाळ्यात नीलपंख बसतो. सगळे खांब ठेवा असं नाही म्हणत मी. पण एक ठेवून बघा. उभ्या रेषेने पाण्याची आडवी पट्टी सावरली जाते, आणि काठ तुमच्या गावचा होतो.

फोटोवरून काढणं चूक का? सरावासाठी कुणाचाही फोटो घ्या. पण छायाचित्राचा हक्क ते काढणाऱ्याचा असतो. चित्र विकणार किंवा प्रदर्शनात लावणार असाल तर त्याला विचारा, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. माझा सल्ला याहून साधा आहे. होडीत बसून स्वतःच्या मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. पक्षी बारीक दिसतील, पिसं दिसणार नाहीत, अगदी उत्तम. त्यात तुमचा उजेड, तुमची पातळी आणि तुमचं अंतर एकाच वेळी नोंदलं जातं. पिसांच्या बारकाव्यासाठी नंतर दुसऱ्याचा फोटो शेजारी ठेवा, शब्दकोश ठेवतो तसा.

त्याच्या आधी वही. चाळीस रुपयांची वही आणि टू-बी पेन्सिल पुरे. पक्षी हलतो म्हणून रडायचं नाही. एका पानावर चार-पाच रेखाटनं एकदम सुरू करा. पक्ष्याने मान फिरवली की पहिलं सोडून दुसरं. त्याच्या सवयी मोजक्या असतात, थोड्या वेळाने तो पुन्हा पहिल्यासारखा उभा राहतो, तेव्हा पहिल्याकडे परत या. गायबगळ्यापासून सुरुवात करा, तो म्हशीच्या मागे फिरतो आणि माणसाला फारसा भीत नाही. घरट्याजवळ जाऊ नका. भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाक करकोच्यांची वसाहत भरते तेव्हा लांबूनच, दुर्बिणीने. आपण चित्र काढतोय म्हणून पक्षी आपल्याला सूट देत नाहीत.

गुलाबीसाठी तुम्ही ऑपेरा पिंक वापरलाय, तो फोटोतही चमकतोय. टाका तो. त्यातलं चमकणारं द्रव्य उजेडाने उडतं, आणि मग भिंतीवरचे रोहित पाहता पाहता आजारी दिसू लागतील. जुना अलिझरिन क्रिमसनही फिका पडतो. ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक असतो. पीव्ही १९ असलेला गुलाबी घ्या, बहुधा परमनंट रोज अशा नावाने मिळतो, तो टिकतो. कागद ३०० जीएसएमचा असू द्या. एवढंच, सामानात जास्त पैसे घालू नका.

पाणी उतरायला अजून महिना-दोन महिने आहेत. तोवर टिटव्या काढा, दहा-पंधरा, विहिरीच्या काठावरूनच, आणि फोटो न बघता. रोहित आले की सकाळच्या होडीत बसा. नातवालाही न्या, लाइफ जॅकेट घालून. त्याचे डोळे तुमच्यापेक्षा वीतभर खाली असतील. वहीत तुम्ही क्षितिजरेषा ओढलीत की त्याला विचारा, रेषा रोहितच्या मानेतून जाते की खांद्यातून, आणि तो काय म्हणतो ते मला कळवा.